लांब बाह्या, घसरलेली लेन्स

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला सरळ प्रश्न विचारला होता, "अंगाला कुठे खाज, पुरळ, त्वचेचा काही जुना त्रास?" आणि मी माझे ते दोन गढूळ डोळे त्यांच्यावर रोखून ठणकावून सांगितलं होतं, "छे! अजिबात नाही."

एप्रिल महिना होता. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि मी मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालून बसले होते. त्या बाह्यांच्या आत, दोन्ही कोपरांच्या घडीत, माझा एक्झिमा लहानपणापासून सुखाने नांदत होता. माझी आई त्याला इसब म्हणायची आणि कडुनिंबाच्या पाण्याने धुवायची. तो काही तिला दाद देत नव्हता. डॉक्टर सज्जन. त्यांनी ‘उकडत नाही का हो?’ एवढंही विचारलं नाही. विचारलं असतं तरी ती बाई बधणारी नव्हती. ‘मला उन्हाचा त्रास होतो’ हे उत्तर तिच्याकडे तयारच असायचं.

ती बाई म्हणजे मीच, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. आता मी सत्तरीला टेकले आहे, तेव्हा तिला नावं ठेवायचा हक्क माझ्याइतका दुसऱ्या कुणाला नाही. तिला वाटायचं, आपण फार हुशार. कॉलेजच्या ऑफिसात खिडकीवर बसून समोरच्या पोराच्या अर्जातली चूक ती कागद उलटा असतानाच पकडायची. पण एका साध्या प्रश्नाला साधं उत्तर काही तिला देता आलं नाही. बरं, खोटं बोलायचं असं ठरवूनही गेली नव्हती. तोंडातून आपोआप निघालं. शिंक यावी तसं.

ही सवय लागली हळदीकुंकवात. हळदीकुंकवाला गेलं की घरची बाई आपल्या कपाळाला हळद-कुंकू लावते, हात हातात घेते आणि त्याच्या पाठीवर अत्तराची काडी फिरवते. सगळा मामला हातांचा. लग्न होऊन मी पुण्यात नवी होते तेव्हा एका घरी ती काडी माझ्या हातापर्यंत आली, हाताकडे बघून हवेतच थबकली आणि "तुम्हाला राहू दे हं" म्हणून शेजारच्या बाईकडे वळली. एवढंच झालं. कुणी काही वावगं बोललं नाही. उलट मला तिळगुळाची वडी जरा मोठीच मिळाली. पण दुसऱ्याच दिवशी मी शिंप्याकडे जाऊन सगळ्या ब्लाउजांच्या बाह्या लांब करायला टाकल्या.

पुढच्या खेपेला मी रुमाल घेऊन गेले. काडी जवळ येताच रुमालाचं टोक पुढे केलं आणि गोड हसून म्हटलं, "अत्तर रुमालाला लावा. म्हणजे दिवसभर वास राहतो." काय खूश झाले मी स्वतःवर! तेव्हा आमच्याच जिन्यावर, समोरच्या दारात एक वहिनी राहायच्या. दर संक्रांतीला त्यांचं हळदीकुंकू असायचं आणि दर संक्रांतीला मी त्यांच्यापुढे रुमाल धरायची. त्या एकदा रुमालाकडे बघायच्या, एकदा माझ्याकडे, आणि मुकाट्याने अत्तर लावायच्या. मी मनात म्हणायची, झालं, हेही वर्ष निभावलं.

आता एक्झिमा म्हणजे काही कोपरात घडी घालून बसून राहणारा पाहुणा नव्हे. तो मानेवर आला, गुडघ्यांमागे गेला आणि शेवटी पापण्यांवर येऊन बसला. पापण्यांची खाज ज्याला आहे त्यालाच कळेल. हात नुसता कपाळावरचे केस सारायला म्हणून वर जातो आणि परत येताना डोळा चोळूनच येतो. चोळून चोळून माझ्या भुवयांची बाहेरची टोकं झडली. ती मी रोज सकाळी काळ्या पेन्सिलीने काढायची. घाईत कधी एक भुवई जरा वर चढायची आणि मग त्या दिवशी ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक पोराला वाटायचं, बाईंचा आपल्या अर्जावर विश्वासच बसत नाहीये.

शिवाय एक ट्यूब होती. कुण्या डॉक्टरांनी कधीतरी आठवडाभरासाठी लिहून दिलेली. तो आठवडा मी वर्षानुवर्षं लांबवला. औषधाच्या दुकानात जायचं, "ती नेहमीची" म्हणायचं, आणि कोपरापासून पापणीपर्यंत फासायचं. पन्नाशीतच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला तेव्हा सगळे हळहळले, "इतक्या लवकर?" मी म्हणायची, "आमच्या घराण्यातच आहे." घराण्यात कुणालाही नव्हता.

ऑपरेशनं झाली. आधी उजवा, मग डावा. काय सांगू, दिवाळीच आली. स्वयंपाकघरातल्या फरश्या पांढऱ्या नसून पिवळ्या आहेत हे कळलं. ह्यांच्या कानांतून केस बाहेर आलेत हेही कळलं. मुख्य म्हणजे मला माझी स्कूटर परत मिळाली.

हे जरा सांगायला हवं. आमच्या घरात दुचाकी मी चालवते. ह्यांनी सायकलच्या पुढे काही शिकायचं नाही असं तरुणपणीच ठरवून टाकलं आणि तो शब्द आजवर पाळला. मी पुढे आणि हे मागे, मांडीवर भाजीची पिशवी, असे आम्ही उभ्या पुण्यात फिरलोय. पूर्वी सिग्नलला लोक वळून बघायचे. हे शांतपणे सांगायचे, "मला गर्दीत चालवायचा कंटाळा येतो." लग्न, बारसं, दवाखाना, बँक, सगळं त्या स्कूटरवर. मी चालवते म्हणून आम्ही दोघं कुणाच्या दारात ‘जरा सोडतोस का रे’ म्हणत उभे राहिलो नाही. त्यामुळे डोळे गेले तर काय काय जाईल, हे मला तेव्हाही नीट माहीत होतं.

तर ऑपरेशननंतर त्या सज्जन डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली, "डोळा चोळायचा नाही. आत्ताही नाही आणि पुढेही नाही." मी मान डोलावली. सहा-सात महिने पाळलंही. मग थंडी आली, पापण्या कोरड्या पडल्या आणि खाज सुटली.

‘येथे वाहने लावू नयेत’ अशी पाटी वाचून तिच्याच खाली सायकल टेकवणारी आणि वर ‘सायकल हे काय वाहन आहे का?’ असं विचारणारी माणसं आमच्या गावात आहेत. त्यांच्यातली ही बाई. चोळू नका म्हणाले ना? नाही चोळणार. ती थोपटायला लागली. चार बोटं जुळवायची आणि मिटलेल्या पापणीवर थप थप, थप थप. अहाहा! खाज कशी शांत व्हायची. सकाळी चहाआधी, दुपारी जेवल्यावर, टीव्हीसमोर, सिग्नल लाल असताना. सिग्नलला तर मी तोंडाला स्कार्फ गुंडाळलेलाच असायचा, कुणी ओळखायचा प्रश्नच नव्हता. हे कधी विचारायचे, "तबला कुठवर आला?" मी म्हणायची, "द्रुत चालू आहे." अशी किती वर्षं काढली! एकदा तर ही विद्या मी पुढच्या पिढीलाही दिली. ते पुढे येईलच.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी मी धायरीहून गावात येत होते. सिंहगड रोडच्या सिग्नलला बघते तो एका खांबावर दोन लाल दिवे. एकाखाली एक, खालचा जरा पुसट. मी म्हटलं, महापालिकेने काहीतरी नवीन काढलेलं दिसतंय. पुढच्या सिग्नललाही तेच. तिसऱ्या सिग्नलला मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला तेव्हा कळलं की दिवा हिरवा झालाय. मी दोन हिरव्यांतला खरा कुठला ते ठरवत बसले होते.

घरी आले. दार ह्यांनी उघडलं. दोघांनी.

"अहो, मला तुम्ही दोन दिसताय," मी म्हटलं.

"मग चहा दोघांना टाक," हे म्हणाले. पण माझा चेहरा बघून त्यांनी हातातला पेपर ठेवला. "डावा डोळा झाक. आता?"

"दोन."

"आता उजवा झाक."

"एक."

"म्हणजे घोटाळा उजव्यात आहे," हे म्हणाले, आणि चहा स्वतः टाकला. हे स्वतः चहा टाकतात म्हणजे गोष्ट गंभीर आहे, हे आमच्या घरात मांजरालाही कळतं.

ऑपरेशन करणारे ते डॉक्टर एव्हाना निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली आणि दोन्ही डोळे आलटून पालटून तपासले. मग खुर्ची मागे सरकवून विचारलं, "काकू, एक्झिमा कधीपासून आहे?"

मी म्हटलं, "कुणाला?"

"भुवयांची टोकं पेन्सिलीने काढलेली आहेत, हो ना?"

मी पदर जरा पुढे ओढला.

"नखं फार छान चमकतात तुमची. नेलपॉलिश लावता?"

"नाही हो, मुळातच तशी आहेत," मी जरा लाजून म्हटलं.

"सारखं खाजवलं की नखांना अशी चकाकी येते. आता बाह्या वर करा."

बाजूच्या स्टुलावर हे माझी पर्स मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी छताकडे बघायला सुरुवात केली. मी बाह्या वर केल्या. इतक्या वर्षांत ह्यांच्याशिवाय कुणासमोर पहिल्यांदाच.

डॉक्टरीणबाईंनी ते कोपर हातात घेऊन पाहिलं. काडीसारखं हवेत थबकणं नाही, काही नाही. मग मी काय लावते ते विचारून त्यांनी ट्यूबचंही काढून घेतलं आणि समजावून सांगितलं. मोतीबिंदू काढला की त्याची पातळ पिशवी डोळ्यात शिल्लक राहते आणि नवी लेन्स तिच्यात बसवतात. ती पिशवी बारीक बारीक तंतूंनी डोळ्याच्या आत टांगलेली असते, पाळण्यासारखी. डोळ्याला वर्षानुवर्षं धक्के बसत राहिले की दोऱ्या एकेक करून तुटतात. एक्झिमा असलेल्यांत हे जास्त होतं, कारण त्यांचे हात डोळ्यांपासून लांब राहत नाहीत. मोतीबिंदूही त्यांना लवकर येऊ शकतो, आणि त्यात ती स्टेरॉईडच्या मलमाची ट्यूब वर्षानुवर्षं पापण्यांना लावली तर विचारायलाच नको. "तुमचा उजव्या डोळ्यातला पाळणा एका बाजूने खाली आलाय," त्या म्हणाल्या. "लेन्सची कडा बरोबर बाहुलीच्या मधोमध आलीये, म्हणून दोन दिसतात. चोळत होतात ना?"

"मुळीच नाही," मी म्हटलं. "चोळू नका सांगितलं होतं. मी थोपटत होते."

"कसं?"

मी हवेत करून दाखवलं. थप थप, थप थप.

त्यांनी माझा हात धरून खाली ठेवला. "काकू, चोळण्यापेक्षा हे काही कमी नाही. बाळाला इतकं थोपटलंत की ते पाळण्यातून पडायला आलंय."

मला हसू आलं. मी विचारलं, "स्कूटर?"

"आत्ता नाही. मागचा पडदा तपासते आधी. लेन्स घसरते त्यांच्यात कधी कधी पडदाही सुटतो. तो सुटला असेल तर मग मी काहीच कबूल करू शकत नाही."

थेंबांनी बाहुल्या पुरत्या मोठ्या होईपर्यंत आम्हाला बाहेर बसवलं. समोरच्या भिंतीवर डोळ्याचं भलं मोठं चित्र होतं. मला ती दोन दिसत होती, मग नुसता रंगांचा चिखल दिसायला लागला. मी हळूच हेही आठवून पाहिलं की आमच्या घरापासून बसस्टॉप किती लांब आहे. ह्यांनी माझा उजवा हात आपल्या हातात धरून ठेवला होता. मला भरून आलं. मी म्हटलं, "घाबरू नका हो." हे म्हणाले, "घाबरत नाहीये. तो वर जात होता, म्हणून धरलाय."

पडदा जागेवर होता. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं तेव्हा हे पर्सचा बंद उघडून परत लावत बसले. पण त्या पुढे म्हणाल्या की लेन्स काढून दुसरी लावावी लागेल, ती डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीलाच पक्की करावी लागेल. आणि तेही लगेच नाही. "आधी पापण्या शांत करा. खाजवून सोललेल्या पापण्यांवर जंतू बसलेले असतात. त्या वाटेने मी आत जाणार नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, ती ट्यूब फेका, आणि हात खाली. डावा डोळाही हलायला लागलाय, अजून टिकून आहे. तो किती टिकेल ते तुमचे हात ठरवतील."

आम्ही रिक्षाने घरी आलो. उतरल्यावर ह्यांनी तळवा पुढे केला. "किल्ली."

स्कूटरची किल्ली देवघरात गेली आणि देवघरातली घंटा ह्यांच्या शर्टाच्या खिशात आली. नियम सोपा होता. माझा हात खांद्याच्या वर गेला की घंटा. मी वाद घातला की कुंकू लावायला हात वर जातो, फळीवरचा डबा काढायला जातो. ह्यांचं म्हणणं, कपाळ आणि डोळा यांतलं अंतर पाहता त्यांना धोका पत्करायचा नाही. मग मी कुंकू लावताना आधी मोठ्याने ‘कुंकू!’ असं जाहीर करायला लागले. पण बाकी वेळी, देवा! मला कळायच्या आधी ह्यांना कळायचं. मी पेपर वाचतेय, टिण टिण. मी दूध तापवतेय, टिण टिण. आपला हात दिवसाकाठी किती वेळा डोळ्याशी जातो ते मला सत्तराव्या वर्षी घंटा ऐकून समजलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी शेवटी जिन्यात ह्यांना गाठलंच. "काका, काही अनुष्ठान चाललंय का? दिवसभर घंटा ऐकू येते."

"हो. डोळ्यांचं व्रत आहे," हे म्हणाले. "उद्यापन ऑपरेशन थिएटरात."

त्या प्रसादाला येईन म्हणाल्या.

मुलगा, सून आणि नात हिंजवडीला राहतात. शनिवारी नात आमच्याकडे येते. सात वर्षांची आहे, तोंडाळ आहे, आणि तिच्या कोपरांच्या घडीत माझाच एक्झिमा आहे. त्या शनिवारी मी कणीक मळत होते. दोन्ही हात परातीत. आणि बाहेर टिण टिण!

"अहो, माझे हात इकडे आहेत!" मी ओरडले.

"तुझ्यासाठी नाही वाजवली," हे आतून म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता.

मी तशीच कणकेच्या हातांनी बाहेर आले. नात जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. डाव्या हातात खडू, आणि उजव्या हाताची चार बोटं जुळवून मिटलेल्या पापणीवर थप थप, थप थप. अगदी माझ्यासारखं. तोच ठेका.

"चोळू नये बाळ," हे म्हणाले.

"मी चोळत नाहीये आजोबा. थोपटतेय. आजीने शिकवलंय. मम्मीला सांगू नको म्हणाली होती."

ह्यांनी घंटा टेबलावर ठेवली, माझ्याकडे बघितलं, आणि पेपर उलटा धरून वाचायला लागले.

त्या पन्नाशीच्या बाईची मी हवी तेवढी टिंगल करते. पण ही विद्या शिकवणारी ती नव्हती. ती मीच, परवा-परवाची. पोरगी खाज येते म्हणून रडत होती, मला दया आली, आणि वर आपल्या गुपिताला वारस मिळाला म्हणून जरा ऐटही आली होती.

मी हात धुतले आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले, जे या वयात सोपं नाही. म्हटलं, "हे बघ, आजीने चुकीचं शिकवलं. माझ्या डोळ्यातली लेन्स त्यानेच पडायला आलीये." तिने रंगवणं थांबवलं. "मग तुला दिसणार नाही?" "दुरुस्त करणार आहेत." "आणि माझी?" "तुझी अजून देवाने दिलेली आहे, नवी कोरी. तिला हात लावायचा नाही." तिने विचार करून विचारलं, "मग खाज आली की काय करायचं?" याचं उत्तर मात्र मला येत नव्हतं. सत्तर वर्षं मी उत्तर शोधलंच नव्हतं, नुसत्या बाह्या लांब केल्या होत्या.

म्हणून सुनेला फोन केला आणि सगळं सांगितलं. ट्यूब, थोपटणं, मम्मीला सांगू नको, सगळं. मग ती म्हणाली, "आई, मी दोन महिने तिचा टॅब बंद करून ठेवलाय. मला वाटलं कुठल्या तरी व्हिडिओत बघून शिकली." माझ्या पापाची शिक्षा टॅबला झाली होती.

त्वचेच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघी एकत्र गेलो. आजी आणि नात, बाह्या वर करून शेजारी शेजारी. त्यांनी दोघींची कोपरं पाहून म्हटलं, "छापखाना एकच दिसतोय." ट्यूब गेली. पापण्यांसाठी वेगळं मलम आलं, अंगाला लावायचं साधं क्रीम आलं, रात्री घालायचे सुती हातमोजे आले. खाज आली की थंड पाण्यात पिळलेला मऊ कपडा डोळ्यांवर नुसता ठेवायचा. ठेवायचा म्हणजे ठेवायचा, हेही त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. ह्यांनी त्यांना आधीच फितवलं असणार. शनिवारी आम्ही दोघी डोळ्यांवर फडकी ठेवून दिवाणावर आडव्या पडायचो आणि हे खुर्चीत घंटा घेऊन पहारा द्यायचे. नातीला हा खेळ एवढा आवडला की ती मुद्दाम हात वर नेऊन घंटा वाजवून घ्यायची.

पापण्या निवल्या. भुवयांच्या टोकांना चार केसही उगवले. मी ते सगळ्यांना दाखवले. मग ऑपरेशन. डोळा बधिर केला होता, मी जागी होते. तोंडावर हिरवं कापड आलं आणि त्याच क्षणी माझ्या नाकाला, गालाला, दोन्ही पापण्यांना, सगळीकडे खाज सुटली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काकू, ठीक आहात ना?"

"खाजतंय."

"कुठे?"

"कुठे नाही ते विचारा."

"मग मनातल्या मनात घंटा ऐका," त्या म्हणाल्या. म्हणजे हे बाहेर बसून त्यांनाही सांगून चुकले होते! मी खरंच ती घंटा ऐकत पडून राहिले. हात मांडीखाली दाबून धरले होते. आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प बसले नव्हते, हातांनी किंवा तोंडाने.

पट्टी काढल्यावर आधी सगळं धुकं होतं. मग आठवड्या-आठवड्याने ते विरलं. एके सकाळी दार ह्यांनी उघडलं, आणि ते एकच होते. मी तसं सांगितलं. हे म्हणाले, "पुरे झाला ना एक?" आणि चहा मला टाकायला लावला. तेव्हा खात्री पटली की आपण बरे झालो.

स्कूटरची परवानगी मिळायला मात्र वेळ लागला. डॉक्टरीणबाईंनी अक्षरं वाचून घेतली, डाव्या डोळ्यातला पाळणा पुन्हा पाहिला आणि तो होता तसाच आहे म्हणाल्या. "चालवा. पण हात हँडलवरच." ह्यांनी घरी येऊन देवघरातली किल्ली काढली, माझ्या हातात ठेवली आणि हेल्मेट घालून मागच्या सीटवर जाऊन बसले. गाडी अजून स्टँडवर होती.

या संक्रांतीला त्या जुन्या शेजारच्या वहिनींचं बोलावणं आलं. त्या आता मुलाकडे बिबवेवाडीला असतात, पण हळदीकुंकू सोडलेलं नाही. मी नातीला मागे बसवून स्कूटरवर निघाले. थंडी होती, म्हणजे पापण्यांचा हंगाम. सिग्नलला दिवा लाल होता, एकच, आणि माझा हात नकळत हँडलवरून सुटला. मागून लगेच, घंटा घरी असल्यामुळे, तोंडानेच, "टिण टिण!" शेजारचा मोटारसायकलवाला दचकून बाजूला झाला. हात मुकाट्याने खाली आला.

मी अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घातला होता, नवा शिवून घेतलेला. रुमाल घेतला नव्हता. वहिनींच्या हॉलमध्ये ओळखीच्या सगळ्या बायका. वहिनींनी हळद-कुंकू लावलं, सवयीने अत्तराची काडी वर धरून माझ्या रुमालाची वाट बघत उभ्या राहिल्या. मी हात पुढे केला, सगळाच्या सगळा, कोपरापर्यंत.

"वहिनी, अत्तर नको. झोंबतं मला. एक्झिमा आहे लहानपणापासून. लागट नाही हं, पण आहे."

"मला पण आहे," नातीने आपली बाही वर सारून सगळ्या हॉलला दाखवली. "आजीकडून आलाय."

वहिनींची काडी हवेतच राहिली, थेट त्या जुन्या काडीसारखी. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, नातीच्या हाताकडे पाहिलं, काडी कुपीत परत घातली, माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या:

"अगं बाई, एक्झिमा होय! आणि मी आपली समजत होते की बाईंना आमचं अत्तर हलकं वाटतं. अहो, तुम्ही येणार म्हणून दर संक्रांतीला महागातली कुपी आणत होते हो मी!"